दुसऱ्या गिटारचं उत्तर

अण्णा,

रविवारी कारखान्याच्या पोरांचा, म्हणजे तुमच्या बँडचा, कार्यक्रम झाला. पोरं म्हणायची लोकांची सवय अजून गेलेली नाही. ड्रमवाले काका काठी टेकत स्टेजवर चढले, गाणाऱ्या काकांनी दम घ्यायला खुर्ची मागून घेतली, तरी खालची माणसं ओरडत होती, पोरं आली, पोरं आली. इतक्या वर्षांनी एकत्र वाजवणार म्हणून केजहून जीपा भरून आल्या होत्या. तेलगावच्या एकाने तेव्हाचा तुमच्या बँडचं चित्र छापलेला शर्ट घातला होता. त्याची बटणं लागत नव्हती, म्हणून तो छातीशी हाताने धरून उभा होता. कारखान्याच्या सभासदांच्या सभेलाही कधी इतकी माणसं येत नाहीत. तुम्ही नव्हता. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मी आता मोजत नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून जे झालं ते सरळ लिहिते.

आपलं क्वार्टर सहकारी साखर कारखान्याच्या मागच्या ओळीत होतं. तुम्ही तिथं पॅनवर, रस आटवायच्या मोठ्या भांड्यावर, साखर शिजवायचात. पाळी संपवून यायचात तेव्हा अंगाला मळीचा वास असायचा. हातपाय धुऊन तुम्ही गिटार घेऊन स्वयंपाकघरातच बसता, कारण पुढच्या खोलीत आवाज मरतो असं तुमचं म्हणणं. इथं मांडणीवरची ताटंसुद्धा वाजतात. आई म्हणते, "ताटं तरी सोडा." तुम्ही हसता आणि पहिल्या गाण्याची सुरुवात धरता. त्या सुरुवातीला दोन गिटारी लागत. एक खालच्या तारांवर काहीतरी विचारते, दुसरी वरच्या तारांवर उत्तर देते, मग पुन्हा पहिली. विचारणारी तुमची. सगळा जिल्हा त्या सुरुवातीवर वेडा होता. ड्रम सुरू होण्याआधीच लोक उभे राहायचे. बँड मोडल्यावर तुम्ही घरी फक्त तुमचा भाग वाजवू लागलात. विचारायचात आणि थांबायचात. उत्तराला लागेल तेवढाच वेळ थांबायचात आणि मग पुढचं विचारायचात.

एकदा मी भाकरीचं पीठ मळत होते. तुम्ही थांबलात आणि त्या रिकाम्या जागेत माझ्या तोंडून उत्तर निघालं. नुसतं गुणगुणणं. तुम्ही तारांवर तळवा ठेवला. "त्याचं ह्या घरात वाजायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "मी कुठं वाजवलं?" "गुणगुणलं तरी तेच हाय." ताटं थोडा वेळ वाजत राहिली. मी बोटांना चिकटलेलं पीठ काढत बसले. त्यानंतर त्या घरात मी कधी गुणगुणले नाही. मनात मात्र उत्तर दर वेळी येत असे. त्याला माझा इलाज नव्हता.

तो म्हणजे कारखान्याचा वायरमन, तुमचा दुसरा गिटारवाला. बँड मोडला त्या वर्षी पाऊस नव्हता, ऊस नव्हता. बॉयलर पेटलाच नाही आणि क्वार्टरं एकेक करून रिकामी होत होती. केजच्या बाजाराच्या मैदानात तुमचा कार्यक्रम ठरला होता. माणसं येऊन बसली आणि तो आला नाही. तुम्ही स्टेजवर उभे राहून सुरुवात वाजवलीत, थांबलात, उत्तर आलं नाही. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तुम्ही कधी विसरला नाहीत. तो सकाळीच पुण्याच्या गाडीत बसला होता, तिकडे कंपनीत काम लागलं होतं, हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "तो ज्या स्टेजवर चढंल त्यावर मी न्हाई." शेवटच्या आजारात आईने विचारलं होतं, त्याला बोलवू का. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

यंदाही ऊस नाही आणि कारखाना बंद आहे. ड्रमवाले काकांचं म्हणणं, म्हणूनच यंदा वाजवायचं. उसाच्या गाड्या नसल्या की यार्ड मोकळं असतं. ते बीडला माझ्याकडे आले तेव्हा गल्लीत टँकर आला होता. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि पाइप धरला. शेजारीण मला ऐकू येईल असं म्हणाली, "प्यायला पाणी न्हाई आन् हे गाणी करायलेत." काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग मला म्हणाले, "आता तुझी आई बी न्हाई, म्हणून तुलाच इचारतो. तुझ्या बापाची जागा मोकळी ठेवायची का भरायची? म्हणशील तर फोटू ठेवू. हार घालू."

"आणि सुरुवात?"

"तीच तर भानगड हाय. फोटू काय वाजिवतो का?"

मी विचारलं, भरायची म्हणजे कुणी. काका पाइपाच्या तोंडाकडे बघत राहिले. "त्यो यायला तयार हाय. पर म्हणतो, पोरीनं हो म्हणल्याबिगर तिच्या बापाच्या गिटारला हात लावनार न्हाई."

मी नाही म्हणाले. स्टेजबद्दलचं तुमचं वाक्य त्यांना ऐकवलं. "मला कशाला सांगतीस? मी तिथंच व्हतो की," काका म्हणाले. पाइप दुसऱ्या भांड्यात टाकला. "लोक लई आशेवर हायेत, बाई. एवढंच."

आठवड्याने तो स्वतः आला. दारात चप्पल काढून खुर्चीच्या कडेवर बसला. केस राहिलेले नाहीत, बाकी तसाच. मी गिटार आणून समोर ठेवली. त्याने हात मांडीवरच ठेवले.

"तारा सैल ठेवल्यास," तो म्हणाला.

"अण्णा उन्हाळ्यात ठेवायचे."

"मीच सांगितलं व्हतं त्याला."

शेवटी मी विचारलं, त्या दिवशी कळवलं का नाहीत. मला वाटत होतं, काहीतरी कारण निघेल. निरोप दिला होता, पोचला नाही, असं काही. ते निघालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"कळवलं असतं तर त्यानं जाऊ दिलं नसतं," तो म्हणाला. "आन् मी थांबलो असतो. मला थांबायचं नव्हतं."

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, न्या.

विचारायला तुम्ही नव्हता, असं मी त्या दिवसांत स्वतःला सांगत होते. तुम्ही असता तरी मी विचारलं नसतं. तुमचं उत्तर मला माहीत होतं. आणि मला ती सुरुवात एकदा पुरी ऐकायची होती.

रविवारी चारची वेळ होती. पूर्वी पाळी बदलायचा वाफेचा भोंगा झाला की तुम्ही सुरू करायचात. चार वाजून गेले तरी कुणी सुरू करीना. ड्रमवाले काका हात वर धरून बसलेले, यार्ड गप्प झालेलं. मीही ऊन डोळ्यांवर घेत वाट पाहत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "कशाची वाट बघता बे? बॉयलर थंड हाय." सगळं यार्ड हसलं, कारण सगळेच भोंग्यासाठी थांबले होते. तुमचा फोटो ठेवलेला नव्हता. तो नको असं मीच सांगितलं होतं. तुमच्यासमोर मला त्याचं वाजवणं ऐकायला जमलं नसतं.

तो तुमची गिटार घेऊन तुम्ही उभे राहायचात त्या डाव्या बाजूला उभा राहिला. स्वतःची जागा त्याने मोकळी ठेवली होती. त्याने तुमचा भाग वाजवला. त्याच खालच्या तारा, तेच विचारणं, शेवटच्या सुरावर तुम्ही जरासे रेंगाळायचात तेही. आणि तो थांबला. त्या थांबण्यात मला आपलं स्वयंपाकघर दिसलं, तुमचा तळवा दिसला. तेवढ्यात यार्डातून उत्तर आलं. आधी पुढे बसलेल्या बायकांनी दिलं. तेव्हा त्यांना घरून सोडत नसत, क्वार्टरांच्या खिडक्यांतून त्यांनी ते पाठ केलं होतं. मग शर्ट धरून उभा असलेल्याने, मग सगळ्यांनी. तोंडाने, जसं जमेल तसं. त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा दिलं. मी ओठ मिटून उभी होते. तिसऱ्या वेळी माझ्याही तोंडून निघालं, आणि मोठ्याने निघालं. शेवटपर्यंत मी गात होते. तो स्टेजवर डोळे पुसत होता असं लोक नंतर म्हणाले. मी पाहिलं नाही. त्या वेळात मला तुमची आठवण आली नाही, अण्णा. माझ्या शेजारी एक म्हातारा खांद्यावरचा टॉवेल फिरवत होता आणि मी त्याच्याकडे बघून हसत होते.

त्या सुरुवातीचा व्हिडिओ आता गावोगाव फिरतो आहे. परवा गिटार परत द्यायला ड्रमवाले काका आले तेव्हा त्यांनी फोन काढून दाखवला. सुरुवात संपते, क्षणभर काहीच नाही, आणि मग गर्दीतून एका बाईचा आवाज येतो, वन्स मोअर. त्यानंतर सगळे तेच ओरडू लागतात आणि त्याला ती पुन्हा वाजवावी लागते. "कोन व्हती गं ती?" काका म्हणाले. "लई जोरात वरडली." मी म्हटलं, एवढ्या गर्दीत काय कळणार.

काका गेल्यावर मी तारा सैल करून गिटार जागेवर ठेवली. ती बाई मीच होते.