वीज कंपनीतली मोठ्या मंडळींची ये-जा

४ मार्च
विमा कंपनीनंही विकायला काढले! बाबांनी जिथं हयात घालवली त्या वीज कंपनीचे शेअर आता एकाही मोठ्या फंडाला नकोत. कोणत्या संस्थेनं काय घेतलं, काय विकलं ते मांडून साहेबांना देणं — एवढंच माझं काम. बाकीच्या कंपन्यांचे आकडे मख्खपणे भरते. हिचे भरताना जीव वरखाली होतो.

संध्याकाळी बाबांचा फोन. "काय गं, मोठी मंडळी काय म्हणतायत?" जणू सोयरीक जुळवायला आलीत! सांगितलं. "जाऊ देत. मी नाही विकणार." निवृत्त होताना मिळालेले शेअर, अजून हात लावलेला नाही. हट्टी म्हातारा!

७ मार्च
दिवसभर वीजकेंद्राची वसाहत आठवत होती. भोंगा झाला की आई चहा टाकायची. केंद्रातलं गरम पाणी तळ्यात सोडत, थंडीत आम्ही पोरं त्यात बोटं सुरकुतेपर्यंत डुंबायचो. गावभर अंधार झाला तरी आमच्याकडे दिवे! मैत्रिणी अभ्यासाला यायच्या, मी दारात राणीच्या तोऱ्यात उभी. कसले सुंदर दिवस होते ते! आई असती तर आज तासभर बोललो असतो.

१२ मार्च
खरेदी! पेन्शन फंडानं भरभरून घेतले. बाबा फोनवर चक्क ओरडले — "आले? नक्की आले ना?" किती दिवसांनी असे हसले.

१३ मार्च
आज आणखी एक फंड. एवढं प्रेम अचानक कुठून? साहेब म्हणाले, "अगं, जुनं केंद्र बंद करायचा ठराव आहे. मंजूर झाला की कंपनीच्या गळ्यातलं लोढणं सुटलं. म्हणून उड्या पडतायत."

जुनं केंद्र म्हणजे आमचंच! ठरावाचे कागद सगळ्या भागधारकांना गेलेत म्हणे. पण बाबा कंपनीची पाकिटं उघडतात कुठे! भाव चढला म्हणून खूश आहेत बिचारे. त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगू? त्या केंद्राशिवाय त्यांच्याकडे आता आहे काय?

१५ मार्च
नाही सांगितलं. भित्री कुठली!

२० मार्च
ठराव मंजूर. धुराडंसुद्धा पाडणार. फंडांनी एकजात होकार दिला. खूप रडले. उद्या बातमी येण्याआधी जाऊन मीच सांगणार.

२१ मार्च
सांगितलं. बाबांचा हात घट्ट धरून, शब्द शोधत शोधत.

मग म्हणाले, "ते पाकीट उघडलं होतं मी. मीही 'बंद करा' असंच मत दिलंय. तुझ्या आईची छाती त्या धुरानं गेली गं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, तुला सांगवलं नाही. कधीतरी हे मत देता यावं म्हणूनच तर शेअर ठेवले होते. पण माझ्या एकट्याच्या मतानं काय होणार? ही मोठी मंडळी आली, तेव्हा कुठं धीर आला."