राष्ट्रकुल आणि वडनेरच्या महालक्ष्म्या

१८ ऑगस्ट, सोमवार
बी.ए. दुसरं वर्ष. आज राष्ट्रकुल सुरू केलं. इंग्रजांच्या तावडीतून सुटलेले देश पुन्हा एका टेबलाभोवती का बसतात, अर्धा तास सांगितलं. व्यापार, शिष्यवृत्त्या, खेळ. चिमुकल्या बेटांनाही मोठ्यांच्या शेजारी बसून बोलता येतं, वगैरे. मागच्या बाकावरून वैष्णवी: "मॅडम, ज्यानं राबवून घेतलं त्याच्याच घरी पुन्हा जेवाले काऊन जायचं?" वर्ग हसला. मीही. म्हटलं, सगळे नाही गेले, ब्रह्मदेश नाही गेला. "काऊन नाई गेला?" घंटा झाली, वाचले. उद्या सांगते म्हणून सुटले.

१९ ऑगस्ट
ब्रह्मदेशाचं रात्री वाचून गेले. तेव्हाचा नियम: आत राहायचं तर इंग्रजी मुकुटाशी निष्ठा हवी. त्यांना प्रजासत्ताक हवं होतं. म्हणून बाहेर. वर्गाला पटलं, मला अर्धंच. पुढे आपणही प्रजासत्ताक झालो आणि तरी आत राहिलो, आपल्यासाठी नियम सैल झाला. मग त्यांच्यासाठी का नाही? लहान होते म्हणून?

२२ ऑगस्ट, पोळा
सकाळी वडनेर, मोठ्या घरी. बैल छान सजवले होते. जेवणं होईपर्यंत सगळं गोड.
मग यांनी महालक्ष्म्यांचा विषय काढला. वाटणी होऊन सहा वर्षं झाली. वावर वेगळं, चूल वेगळी, आम्ही देवळीत दुकान टाकलं. गणपतीतल्या महालक्ष्म्या मात्र थोरल्या दिरांकडे, दादांकडेच बसतात. आम्ही अर्धा शिधा घेऊन जातो. गुरुजी संकल्पात नाव घेतात ते फक्त दादांचं.
हे म्हणाले, "यंदा माह्यंही नाव घ्या."
दादा: "घर एक, नाव एक. मोठा कोण हाय?"
"शिधा अर्धा चालते, मंग नाव काऊन नाई चालत?"
"जड वाटत असंल तं नको आणू शिधा."
सुनंदाताई, माझ्या मोठ्या जाऊबाई, तुपाची वाटी हातात धरून तशाच उभ्या. 

२४ ऑगस्ट, रविवार
हे दुकानाचा माल आणायला वर्ध्याला गेले आणि महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे घेऊन आले. "यंदापासून आपल्या घरी."
 माणसानं रागात मोबाइल घ्यावा, टीव्ही घ्यावा. मुखवटे कोण घेतं? एकदा मांडल्या की दरसाल मांडायच्या, आपल्यामागं सुनेनं मांडायच्या. आम्हाला एकटी लेक, अनू. सून कुठून येणार? हे बोलून दाखवलं. "पुढचं पुढं पाहू." पाहणार कोण, मीच ना.
आणि मोठ्या घरचं जाणं कायमचं तुटणार. ते तर मी बोललेच नाही.

२६ ऑगस्ट
वर्गात आयर्लंड. ते बाहेर पडले आणि आठ-दहा दिवसांतच ठरलं की मुकुटाशी निष्ठा न ठेवताही आत राहता येईल. वैष्णवी: "मंग ते परत काऊन नाई आले?"
म्हटलं, बाहेर पडताना इतकं बोलून झालेलं असतं, की परत यायचं तर त्या बोलण्याचं काय करायचं हेच कळत नाही.
पुस्तकात असं कुठेही नाही. पोरींनी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत लिहू नका, हे सांगायचं राहिलं.
एडनचंही सांगितलं, तेही आत आले नाहीत; तिथं लढाई झाली होती, रक्त सांडलं होतं. ते कारण सोपं. आमच्याकडे तर नुसती तुपाची वाटी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
सुनंदाताईंचा फोन. "मुखवटे आणले म्हणते, खरं हाय का?"
हो म्हटलं. "तू नाई आली तं सोळा भाज्या कोणासोबत चिरू व माय?"  दोघी रडलो. सून म्हणून आले तेव्हा भाजी कशी चिरायची हेही यांनीच शिकवलं होतं. म्हणाल्या, "थांब जराशी. मी बोलून पाह्यते."
रात्री यांना सांगितलं. "दादा आन् बदलंल!" इतकंच. झोप नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
आज महालक्ष्म्यांचं आवाहन. पाचच्या आत बसवायच्या. साड्या नेसवून दोघी उभ्या, मुखवटे अजून कापडात.
साडेअकराला फोन. दादांचा, तोही माझ्या मोबाइलवर. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. "गुरुजीले सांगतलं. दोघाईचं नाव घेतील. त्याले सांगजो." ठेवलाच.
धावत सांगायला गेले. हे म्हणाले, "मले काऊन नाई केला फोन?"
"लाजले असतील."
"लाजले!"  अनू दारातून आत रांगोळीची पावलं काढत होती, हे तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम, "तूच सांग. मांडायच्या का जायचं?"
 गेलो तर पुढच्या वर्षी दादा पुन्हा तेच म्हणणार नाहीत कशावरून? मांडल्या तर सुनंदाताई एकट्या पडणार, आणि मी इथं एकटी. वर्गात किती सरळ सांगून येते मी, हा देश या कारणानं आत, तो त्या कारणानं बाहेर. ठरवायच्या दिवशी त्यांच्या पोटात काय होत असेल, याचा विचारच केला नव्हता.
हिंगणघाटची बस दीडला, तिथून वडनेर. एक वाजून गेला. शिधा भरलेला नाही, मुखवटे उघडलेले नाहीत. हे चपला घालून ओट्यावर बसलेत, दोनदा येऊन विचारून गेले. मी लिहीत बसले आहे, म्हणजे टाळते आहे, कळतं मला. आता तिसऱ्यांदा उठले ते.