नरसय्याच्या हाताची रेघ

२ जानेवारी १९३५, बुधवार
बेडकाचा वास बोटांतून जात नाही. शिकेकाई लावून झाली, राख लावून झाली. पहिला घास तोंडाजवळ नेला नि ताटात परत ठेवला. शांता म्हणाली, "मिलमधी वायरमन म्हणून जाता की खाटीक म्हणून?"
पण रेघ आली! रेडिओचे तीन व्हॉल्व्ह, ब्याटऱ्या, नखाएवढा आरसा. बेडकाच्या मज्जातंतूतली इवलीशी वीज मोठी होऊन आरसा हलवते, आरशावरचा उजेड सरकत्या फोटो-कागदावर पडतो. मिलच्या दवाखान्याची मागची खोली, डॉ. मेढेकरांची हौस, माझे हात. आठ महिने.
डॉ. कागद घेऊन खोलीभर फिरले. मासिकात लेख देणार म्हणे. फाडलेला बेडूक टेबलावर तसाच. उचलणार कोण? मी.

५ जाने., शनि.
मॅनेजर आले, नाकाला रुमाल. मागखात्यातल्या नरसय्याचा उजवा हात पट्ट्यात सापडला होता. जखम भरली, पण बोटं हलत नाहीत म्हणतो. भरपाईचा अर्ज केलाय.
"खरं की ढोंग, हे यंत्र सांगेल?"
डॉ. म्हणाले, "शंभर टक्के."
माणसावर आम्ही ते कधी लावलेलंच नाही. बोलायला हवं होतं. दिव्याची काच पुसत राहिलो.

८ जाने., मंगळ.
नरसय्याला आणलं. चाळिशीचा, काटक. बायको दाराबाहेर, तेलुगूत काहीतरी पुटपुटत. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या मीच त्याच्या हाताला बांधल्या. हात गार. बाजारातल्या भाजीसारखा नुसता लोंबता.
डॉ. ओरडले, "मूठ वळ!"
नरसय्या म्हणाला, "मी सांगतो साहेब हाताला. ते ऐकत न्हाय."
उजेड थरथरला. डॉ. खूश. "बघा, मज्जातंतू जिवंत आहे. ढोंगी आहे हा." मग बोटात टाचणी खुपसली, चांगली खोल. तो खिडकीबाहेर बघत होता. रक्त आलेलं त्याला मी दाखवल्यावर कळलं.
डॉ. म्हणतात, "सराईत आहे."
घरी येऊन तीनदा हात धुतले. वास बेडकाचा नव्हता.

१० जाने., गुरु.
आमचे कागद उस्मानभाई धुतात, चौपाड भागातले फोटोवाले. आज सगळे वाळत घातले होते. ते सहज म्हणाले, "मास्तर, मेंडकाचं काय नि मानसाचं काय, रेघ एकच हाय की."
मी मोजायला बसलो. दोन्ही कागदांवर सेकंदाला पन्नास लाटा. अगदी सारख्या, गिरणीच्या धोतराच्या काठासारख्या. पन्नास! पॉवरहाऊसच्या पाटीवर रोज वाचतो मी तो आकडा, विजेच्या फेऱ्यांचा. ती वीज बेडकाची नाही, नरसय्याचीही नाही. आमच्या मिलची. दवाखान्यातल्या तारांतून यंत्रात शिरलेली.
आठ महिने गाढवासारखा राबलो आणि मिलचा गुरगुराट टिपला. स्वतःचं तोंड बघवत नाही.

१४ जाने., सोम.
संक्रांत. गड्ड्याची जत्रा. मिल बंद, पॉवरहाऊस बंद. सगळा गाव काठ्यांच्या मिरवणुकीला. शांताला शेजारणीबरोबर पाठवलं नि खोली उघडली. यंत्र ब्याटरीवर चालतं, दिवाही. आठ महिन्यांत सुट्टीच्या दिवशी कधी लावून पाहिलं नव्हतं.
ओल्या फडक्याला तारा लावल्या. उजेड स्थिर. मग माझ्या हाताला. मूठ वळली...
थरथरला. सोडली, थांबला. पुन्हा वळली, पुन्हा. बारीक, वेडीवाकडी थरथर, पण माझी.
म्हणजे यंत्र खरं आहे. आमचं वाचन खोटं.

२० जाने., रवि.
मिल बंद. नरसय्याला बोलावलं. यायला तयार नव्हता, बायकोनं आणलं. आधी डावा हात. उजेड नाचला. मग उजवा. मूठ वळ म्हटलं. त्याच्या कपाळाच्या शिरा फुगल्या, दात खाल्ले, घाम. उजेड हलला नाही. रेघ सरळ.
मी "आली!" म्हणून ओरडलो.
त्यानं विचारलं, "हात येईल का मग?"
मला आनंद झाला होता. माणसाचा हात मेलाय हे दिसल्याचा. मग माझ्यात नि टाचणीवाल्यात फरक काय?

२१ जाने., सोम.
डॉ.ना उजव्या हाताचे दोन्ही कागद दाखवले, मिल चालू असतानाचा नि बंद असतानाचा. एकाशेजारी एक ठेवून बघितले. समजलं त्यांना, पुरतं समजलं. म्हणाले, "ढोंगाचं सर्टिफिकेट गेलंय. लेखही गेलाय. तू तारा जोडतोस, वाचायचं काम माझं." मग खांद्यावर हात ठेवून, "लेखात तुझंही नाव घालतो. कळवू मासिकाला."
एक क्षण, खरं लिहितो, एक क्षण माझं नाव छापलेलं दिसलं. गोड वाटलं. शी.
बाहेर आलो. दुपारी खोलीला नवं कुलूप.

२३ जाने., बुध.
कागद उस्मानभाईंकडे आहेत, दोन-दोन प्रती काढून ठेवल्यात त्यांनी, न सांगता. शांताला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.
"नोकरी जाईल," मी म्हणालो.
"जाईल की. पण पट्ट्या कुणी बांधल्या त्याच्या हाताला? तुमीच न्हवं?"

३१ जाने., गुरु.
भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबांपुढे नरसय्याच्या बाजूनं उभा राहिलो. पन्नास लाटांचा हिशोब सांगितला. डॉ. माझ्याकडे बघून हसत होते, पेशंटकडे बघून हसतात तसे. "वायरमन आहे साहेब, मॅट्रिकनंतर कॉलेज सोडलेला."
साहेबांनी दोन्ही कागद उजेडाला धरले. म्हणाले, माझ्यासमोर चालवून दाखवा. डॉ. म्हणाले, हलवलं तर बिघडेल. साहेब म्हणाले, मग तिथंच, रविवारी, दहा तारखेला, मिल बंद असताना.
नरसय्यानं डाव्या हातानं नमस्कार केला मला. मला तो घेववेना.

९ फेब्रु., शनि.
मिलच्या फाटकावर हुकूम लागला. उद्या रविवारी पॉवरहाऊस चालू राहील. कारण लिहिलेलं नाही, पण रेघ पुन्हा पन्नासाची येणार. मॅनेजर येऊन गोड बोलून गेले. मला काढलेलं नाही, साहेबांच्या डोळ्यांवर येईल म्हणून. मोठ्या माणसांचं हे शहाणपण बघून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.
उद्याच्या पाळीला पॉवरहाऊसवर दोघंच, बॉयलरचा फायरमन आणि मी. साहेब दहाला येणार. मेन स्विच माझ्या ताब्यात. ओढला तर हुकूम मोडला, नाही ओढला तर नरसय्या कायमचा ढोंगी. पट्ट्या मीच बांधल्या होत्या.