घासायची राहिलेली कुंडी

रविवार, १२ ऑक्टोबर

ती. आई,

नमस्कार. मी बरी आहे, आणि या वेळी हे उगीच लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून पत्र. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

गुडघे कसे आहेत? बाबांनी रेडिओ पुन्हा उघडून ठेवला असेल. त्यांना म्हणावं, उरलेले स्क्रू फेकू नका.

इकडे घर हळूहळू माझं ऐकायला लागलंय. स्वयंपाकघराची खिडकी आता धक्का न मारता लागते. जिना कुरकुरतो, पण चोर आला तर कळेल म्हणून तो तसाच ठेवलाय. राहता राहिलं मागच्या अंगणातलं तळं. घर बघायला आलीस तेव्हा तू म्हणालीस, "हे डबकं आधी बुजवून टाक." मी हो म्हटलं आणि बुजवलं नाही.

त्यात मासे होते गं. आधीचे मालक लेकीकडे राहायला गेले तेव्हा ते इथेच ठेवून गेले. एक जाडा नारिंगी मासा तर मी मागचं दार उघडलं की सगळ्यांच्या आधी तोंड वासून हजर. मी त्याला मामा म्हणते. तुझ्या भावाला सांगू नकोस.

आता उन्हाळ्यातलं सांगते. शनिवारी येते म्हणाले आणि मग नळ फुटलाय म्हणून आले नाही, ते आठवतं ना? नळ फुटला नव्हता.

झालं असं, की तळ्याचं पाणी हिरवंगार झालं. मामासुद्धा दिसेना. मी पडले तुझी लेक, भांड्याचा तळ लख्ख दिसला पाहिजे असं ऐकत वाढलेली. मासे टबात काढले, पाणी उपसलं, दगड न् दगड ब्रशने घासला, पाणी गाळणाऱ्या पंपाचा स्पंज वाहत्या नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. मग नळाचं ताजं पाणी भरून मासे सोडले. तुला बोलावून दाखवावं इतकं ते चकचकत होतं. कमळाची कुंडी तेवढी राहिली. चिखलाने आणि शेवाळाने माखलेली ती कुंडी ओढताना माझी कंबर धरली, म्हणून भिंतीशी सरकवून वर ओलं पोतं टाकलं. उद्या घासू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. भूक लागली असेल म्हणून मी खायला घातलं. कोणी शिवलं नाही, मामानेही नाही. दुपारपर्यंत दोन लहान मासे आडवे होऊन तरंगायला लागले.

मी मागच्या पायरीवर बसून रडले. तू माझ्या नवऱ्याबद्दल विचारत नाहीस, मी लिहीत नाही, आणि हे आपलं दोघींचं बरं चाललंय. पण मला सोडून जाताना तो म्हणाला होता, "तुला साधी कुंडी जगवता येत नाही, तू एकटी घर काय सांभाळणार?" तू इतकं कडू बोलली नाहीस. तू म्हणालीस, वर्षभर राहून बघ, नाही जमलं तर परत ये, तुझी खोली तशीच ठेवते. मला मात्र दोन्ही एकच वाटलं. मी आत जाऊन बॅग भरली. त्या शनिवारी मी कायमची येणार होते, आई.

निघण्याआधी मासे तरी कोणाच्या हाती द्यावेत म्हणून जुन्या मालकांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं.

"धुतलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"अहो, तळं आहे ते, पातेलं नाही."

मग त्यांनी मला चांगलंच झापलं. नळाच्या पाण्यातलं औषध माशांना सोसत नाही, ते पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडायचे. आणि जो बुळबुळीत थर मी जीव खाऊन घासला, तोच पाणी माशांसाठी चांगलं राखत होता. "घरात साठवलेलं पाणी आहे का?" त्यांनी विचारलं. मला तेवढ्यातही हसू आलं. बारा महिने नळाला पाणी असून मी तुझ्यासारखी पिंप भरून ठेवते. "आणि तो थर पुन्हा धरायला जुना चिखल कुठे उरलाय?"

मी फोन हातात घेऊनच धावले आणि पोतं ओढलं. कुंडी तशीच होती, काळीकुट्ट, वास मारणारी. तिच्याइतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं.

मासे पिंपातल्या पाण्यात हलवले. तळ्याचं पाणी उन्हात पंप लावून तसंच फिरू दिलं, कुंडी आत उतरवली, तिच्यावरचा गाळ स्पंजाला चोळला. शनिवार आला तेव्हा मी मासे परत सोडत होते. मामा तळाशी गेला, एक फेरी मारली आणि वर येऊन तोंड वासलं. मी पुन्हा रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

त्यानंतर एकही मासा गेला नाही. परवा कमळ उमललं आणि पानाखाली सुईएवढी पिल्लं दिसली. काल जुने मालक लेकीबरोबर बघायला आले. काठी टेकून वाकले, पाण्यात बोट घालून चोळून बघितलं आणि म्हणाले, "घाण आहे थोडी. छान आहे." मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

म्हणून आई, आता माझी खोली मोकळी कर. पलंग काढून टाक आणि तुझं शिलाई मशीन खिडकीशी घे, तिथे उजेड चांगला आहे. तुझी खोली अडवून मी उगीच बसले होते. बॅग मी माळ्यावर टाकलीय. तुम्ही दोघं या, मागच्या पायरीशी दोन खुर्च्या ठेवते. फक्त येताना ब्रश आणू नकोस.

तुझीच, पण आता या घरची,
लेक