मागची खोली पायलला, फैजची हरकत नसल्यास

मी, आयशाबी, हबीब मिस्त्री यांची विधवा, वय सदुसष्ट, धंदा पाकिटे करणे, राहणार बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, फक्त गुडघे नाहीत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तसा माणूस गावात अजून जन्मायचा आहे.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक व बांगड्या माझा एकुलता एक मुलगा फैज याच्या. त्यात वाद नाही.

२. घरामागची खोली, तिथली भट्टी, मोठी पातेली व वाळवणाच्या काचा शेजारच्या पायल भीमराज खोब्रागडे हिला द्याव्यात. ती ना नात्याची, ना धर्माची. पण हा धंदा तिच्यामुळे आहे.

ईदनंतर चायना ग्रासच्या थिजवलेल्या खिरीची एक ताटली घासायची राहून गेली. वाळलेला थर पायलने नखाने उचलला, तो अख्खा निघाला. "चाची, हे तं पन्नीवानी निंगून राह्यलं!" चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळाची असते. मग आम्ही शेवाळच मागवले. ते शिजवून, गाळून, काचेवर पसरून वाळवतो, त्याची पाकिटे करतो आणि त्यांत चिक्की, खारी विकतो. उकिरड्यावर पडलेले पाकीट पावसाळ्यानंतर शोधून सापडत नाही. बकरीने खाल्ले तरी तिला काही होत नाही.

आधी पाकिटे फाटायची. कापसाला भाव नव्हता त्या वर्षी पायलच्या ओसरीत पावसात डागलेला कापूस पडून होता. तिने तो बारीक करून शेवाळात घातला. "तसाही कोनी घेऊन नाई राह्यलं," म्हणाली. तेव्हापासून पाकीट टिकते.

३. फैजचे पन्न्यांचे, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांचे दुकान आहे. भर बाजारात तो मला म्हणाला, "अम्मी, पाऊस आला तं लोक सामान कायच्यात नेतील, खिरीत?" सगळे हसले. मीही हसले, घरी येऊन रडले. हा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्यासोबत जाईल.

४. आमच्या शरियतप्रमाणे परक्याला मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येते. खोली बाजाररस्त्याला लागून आहे, म्हणून ती त्याहून जास्तीची भरते, असे वकील म्हणतात. म्हणजे माझ्यामागे फैजने होकार दिला तरच कलम दोन पुरे होईल. नाही म्हणाला तर खोलीचे वाटे पडतील आणि भट्टी मोडेल. मला त्याचीच काळजी आहे.

५. कफन सुती असावे. कबरीवर प्लास्टिकची फुले घालणाऱ्याला मी माफ करणार नाही.

६. फैज, आता तुझ्याशी. तू हसलास, पण तामिळनाडूहून आलेले शेवाळाचे प्रत्येक पोते स्टँडवरून तूच आणलेस, कुरकुरत, आणि भट्टीजवळ ठेवून गेलास. मी समुद्र पाहिला नाही. तुझ्या सदऱ्याला त्याचा वास यायचा, तेवढाच. माझ्या मरणाच्या चाळिसाव्या दिवसानंतर पायल भट्टी पेटवून बसेल. नकार असेल तर तिच्यासमोर उभा राहून दे, निरोप पाठवू नकोस. होकार असेल तर काही बोलू नकोस. पोते आत आणून ठेव. तिला कळेल.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. तो माझ्याच मनातला आहे.

सही: आयशाबी हबीब
साक्षीदार: नंदाबाई वानखडे, निवृत्त परिचारिका
साक्षीदार: बबनराव राऊत, किराणा दुकानदार
स्थळ: बोरी अरब
दिनांक: १२ फेब्रुवारी २००७