एका रंगातली आई

विटा,
१२ फेब्रुवारी २०२५

शिवतेजदादास,

नमस्कार. थोरला भाऊ आहेस, रीत आहे, म्हणून. आम्ही बरे आहोत. ऊस तुटला.

तुझा हुकूम मोबाइलवर मिळाला. वर्षश्राद्धाला मी काढलेलं आईचं चित्र लावायचं, पण आधी त्यात ‘कलर भरायचा’. साडी मोरपिशी, गळ्यात बोरमाळ, ओठ जरा लालसर. वर सोनियावहिनीचं, ‘ताईंकडं रंग नव्हते का?’ व्वा! कोइमतूरच्या गलाई दुकानात सोनं वितळवून वितळवून तुम्हा दोघांना पिवळ्याशिवाय काही दिसेनासं झालंय. तसलंच पाहिजे असेल तर स्टँडजवळच्या पप्पू बॅनरवाल्याला सांग. तासात करून देईल, मागं ढगसुद्धा टाकेल.

आई असताना बेंदराच्या सणाला येतो म्हणालास, म्हसवडच्या यात्रेला येतो म्हणालास. दोन्ही वेळा तिनं पुरण घातलं आणि आम्ही तीन दिवस शिळ्या पोळ्या खाल्ल्या. आलास तो थेट सावडायला, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि आता तोंड वर करून ओठांचा रंग सांगतोस. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातंय तुझं?

कळणार नाही तुला, तरी सांगते. भाजक्या मातीसारखा एक तपकिरी रंग आणि पांढरा, एवढ्यातच चेहरा काढायचा तर डोळे किलकिले करून बघावं लागतं. मग रंग दिसत नाहीत, नुसता उजेड आणि सावली दिसते. शाळेत पोरांना हेच शिकवते मी. रंग बघायचाच नाही.

आई दुपारी झोपेतच गेली असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे.

ती खिडकीशी बसली होती, माझ्यासमोर. म्हणाली, “संयू, छातीत कसंतरी हुतंय गं. जरा आडवी हुते.”

मी म्हटलं, “दहा मिनिटं गं आई. हलू नगंस. गालावर उजेड लय झ्याक आलाय.”

बसली बिचारी. चांगला अर्धा तास बसली. एरवी सारखी पदर सावरायची, त्या दिवशी अजिबात हलली नाही. मला मेलीला आनंदच झाला. मग ओठ गडद दिसायला लागले. वाटलं, ऊन कललं असेल. ब्रशवर तपकिरी घेतला आणि चित्रातले ओठही गडद केले. डोळे नीट उघडून बघितलं असतं तर तिचे ओठ निळे पडलेले दिसले असते. शेंबड्या पोरालाही दिसले असते. दवाखाना आपल्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, दादा.

वर्षभर तुझी लायकी काढत बसले, कारण तू नव्हतास. मी तर होते.

चित्र लाव, नाहीतर जाळ. त्या ओठांवर मी दुसरा रंग चढवणार नाही.

आईला आडवी होऊ न देणारी,
संयोगिता