स्वयंपाकखातं

अण्णा, तुमच्या नावाची पाटी लागणार आहे. विडी कामगारांच्या युनियनने नवं सभागृह बांधलंय, त्याच्या दारावर. संगमरवरी. दादाने रविवारी फोन करून मला मजकूर वाचून दाखवला. ‘आयुष्यात कुणाशीही, कधीही तडजोड न केलेला नेता.’ तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता एवढं करायला कॉम्रेड मंडळींना सवड मिळाली, ठीक आहे. पण मी इथे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या घरात ओट्यापाशी उभी राहून ते वाक्य ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. दादाला म्हटलं, हे खोटं आहे आणि मी ते लागू देणार नाही. तो म्हणाला, “अगं, कौतुकच करतायत ना?” नाही. हे कौतुक मला मान्य नाही.

आपल्या घरात दर रविवारी मीटिंग व्हायची हे मी इथे कुणाला सांगितलं तर हसतात. चहा झाला की सतरंजी टाकायची, अध्यक्ष तुम्ही, सभासद आई, दादा आणि मी. विषय कसलेही. गॅस घ्यायचा की स्टोव्हच चालू द्यायचा, दादाने टायपिंग शिकायचं की नाही, गणपतीत शेजाऱ्यांकडे आरतीला जायचं का. तुम्ही ठराव मांडायचे, दादा अनुमोदन द्यायचा आणि ठराव एकमताने मंजूर व्हायचा. एकदा मंजूर झाला की घराबाहेर कुणी वेगळा सूर काढायचा नाही. पार्टीची शिस्त तुम्ही आमच्या सतरंजीवर आणली होती. घर चालायचं ते आईच्या नगरपालिका दवाखान्यातल्या नर्सच्या पगारावर, आणि दवाखान्यातून येऊन स्वयंपाकही तीच करायची, पण हा विषय मात्र कधी मीटिंगपुढे आला नाही.

एकोणनव्वदचा डिसेंबर. मला पुण्यातल्या एका परदेशी औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. तुम्ही ठराव आणला, की या घरातली मुलगी बहुराष्ट्रीय कंपनीचं मीठ खाणार नाही. त्याच आठवड्यात रेडिओवर बातमी आली होती, चेकोस्लोव्हाकियात चाळीस वर्षांची एकहाती सत्ता संपली, कम्युनिस्टांना विरोधकांना बरोबर घेऊन संयुक्त सरकार बसवावं लागलं आणि त्यात बहुमत कम्युनिस्टांचं नाही. युनियनच्या शिष्टमंडळातून तुम्ही एकदा प्रागला जाऊन आला होतात, तिथल्या ट्राम आणि कामगारांच्या कॅन्टीनबद्दल आम्ही जेवताना कितीदा ऐकलं होतं. दोन दिवस तुम्ही धड जेवला नाहीत. “हे सरकार नाही, ही शरणागती आहे,” एवढंच म्हणालात. आणि रविवारी सतरंजीवर बसलात, ठराव वाचलात आणि सवयीने म्हणालात, “एकमताने...”

आई हात वर करते. मला अजून दिसतो तो हात, बाहीला आयोडीनचा डाग. “माझा विरोध,” ती म्हणते. मी हात वर करते. दादा तुमच्याकडे बघतो, आईकडे बघतो, आणि मान खाली घालून विरोधातच हात वर करतो. तुम्ही म्हणता, अशा वेळी अध्यक्षांचा निर्णय अंतिम. आई म्हणते, “तिकडे तुमच्या प्रागमध्ये असं म्हणून चाललं का? मग इथेही चालायचं नाही. आजपासून संयुक्त सरकार. अध्यक्ष पाळीपाळीने. पैशांचा व्यवहार माझ्याकडे. पोरगी पुण्याला जाणार. आणि तुम्हाला एक खातं देते, स्वयंपाकखातं.” तुम्ही चपला घातल्या आणि पार्टी ऑफिसला निघून गेलात. रात्री आला नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. युनियनचे लोक येऊन आईला समजावून गेले, तिने त्यांना चहा पाजला आणि ती ड्यूटीवर गेली.

मग एका संध्याकाळी तुम्ही आलात. हातात मेथीची जुडी होती. कुणाकडे न बघता ओट्यापाशी गेलात, बराच वेळ डब्यांची झाकणं उघडून बघितलीत आणि आईला विचारलंत, “फोडणी आधी करायची की डाळ आधी शिजवायची?” पहिली आमटी इतकी खारट होती की दादा तीन तांबे पाणी प्यायला. दुसऱ्या महिन्यात ती आमटी आईच्या आमटीपेक्षा बरी झाली, हे आईसुद्धा कबूल करायची. मी पुण्याला निघाले तेव्हा माझी ट्रंक तुम्हीच एसटी स्टँडवर आणलीत. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणालात, “तिथे युनियन आहे का, बघ.” ठराव मान्य नव्हता तरी ट्रंक उचललीत. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्या पाटीवर नेमका हाच माणूस नाही.

मी ज्या फार्मसीत काम करते तिथे एक म्हातारे चेक गृहस्थ ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येतात. अडुसष्टमध्ये रशियन रणगाडे आले तेव्हा देश सोडून निघाले ते इथे पोचले. तुम्ही त्या रणगाड्यांच्या बाजूने भाषणं केली होतीत. आत्ता इथे निवडणूक होऊन आठवडे उलटले, कुणालाच बहुमत नाही, पक्षांची एकमेकांशी बोलणी चाललीत आणि लोक निवांत बागेतलं गवत कापतायत. माझी लेक परवा म्हणाली, “मम्, व्हाय कान्ट समबडी जस्ट विन?” त्यावरून त्या गृहस्थांशी विषय निघाला, तर प्रागच्या त्या सरकारबद्दल त्यांचाही संताप तसाच ताजा. “त्या लोकांबरोबर एका टेबलाशी बसायलाच नको होतं,” ते म्हणाले. अगदी तुमचंच म्हणणं, फक्त पलीकडच्या बाजूने. तुम्ही दोघं भेटला असतात तर एकमेकांच्या नरड्याला हात घातला असतात, पण या एका मुद्द्यावर तुमचं एकमत! मी त्यांना विचारलं, बसले नसते तर कोण किती मेले असते? ते गोळ्यांची पिशवी उचलून म्हणाले, “यू आर अ हार्ड वुमन.” आहेच. त्या सरकारनंतर सहा महिन्यांनी प्रागमध्ये निवडणूक झाली, तुमचे लोक हरले आणि खुर्च्या सोडून घरी गेले. गोळी चालली नाही. याला तुम्ही दोघं शरणागती म्हणता. म्हणा. मला तुमच्या लोकांच्या साऱ्या कारकिर्दीतलं हेच एक काम मान वर करून सांगावंसं वाटतं.

दादाला मी मजकूर बदलून दिला आहे. ‘घरात हरले, तेव्हा रुसून गेले, परत आले आणि स्वयंपाक शिकले.’ दादा वैतागला. “संगमरवरावर आमटी कोरायची का?” म्हटलं, कोरा. “तुला तिथे बसून बोलायला काय जातंय? मला इथे युनियनच्या लोकांत राहायचंय,” तो म्हणाला. तेही खरं आहे. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. पण मी सोडणार नाही, पुढच्या रविवारी पुन्हा फोन करणार आहे.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. एक सांगून टाकते. दादा अगदीच ऐकेना तेव्हा मी त्याला म्हटलं, आईचंही हेच म्हणणं होतं, तिचं मत माझ्या बाजूने धर. आई असं कधी बोलली नव्हती, आणि आता तिला विचारता येत नाही. मेलेल्या माणसांच्या नावाने मतं टाकणाऱ्यांना तुम्ही जन्मभर शिव्या दिल्यात, मला माहीत आहे. तुमचं मत मात्र मी प्रामाणिकपणे धरलंय, अण्णा. विरोधात.